संदर्भचिठ्ठी

अचलपुरात बिच्छन नदीकडून जुन्या वस्तीत शिरावे, तो नबाबी अमदानीतील तटबंदीचे उरलेसुरले बुरूज, अजून तोल सावरून उभे असलेले दरवाजे आणि त्यांच्या आडोशाने दाटीवाटीने वसलेली घरे एकामागून एक सामोरी येतात. आणि त्या घरांतील मुले ज्या शाळांत जातात त्यांपैकी एका प्राथमिक शाळेच्या ओसरीवर, भाद्रपदाच्या अखेरीच्या एका दमट सकाळी, मुख्याध्यापिकाबाईंच्या अनुज्ञेने मी दोन-अडीच तास बसून होतो. आरोग्य तपासणीचे पथक त्या दिवशी यावयाचे होते. मुले न्हाऊन, तेल चोपडून आली होती. काहींच्या आयांनी त्यांना सणाचे कपडे घातले होते, जणू डॉक्टरासमोर जाणे म्हणजे पाहुण्यासमोर जाणे.

पथक दहाच्या सुमारास आले. एक पुरुष व एक स्त्री असे दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता एवढाच त्याचा सरंजाम. वजनकाटा, भिंतीस लावावयाची उंचीची पट्टी, स्टेथोस्कोप, बॅटरी आणि डोळे तपासण्याचा तक्ता एवढाच सामानसुमानाचा पसारा. औषधनिर्मात्याने फरशीवर सहा मीटर मोजून खडूची रेघ ओढली, तक्ता खिडकीच्या उजेडात टांगला, आणि बाईंनी पट पुकारण्यास आरंभ केला. ज्यांना अक्षरे नीट वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी त्या तक्त्यावर रोमन लिपीतील ‘ई’ हे एकच अक्षर चारी दिशांना तोंडे करून छापलेले असते, आणि त्याचे दाते कोणत्या अंगास आहेत एवढेच मुलाने बोटांनी दाखवावयाचे असते. तिसरीतील एका मुलीची पाळी आली. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवताच ती थबकली, मग हळूच तिने बोटांत फट केली. डॉक्टरीणबाईंनी रागे न भरता आपल्या हाताने तो डोळा नीट झाकला आणि पुन्हा विचारले, तेव्हा तिने तक्त्याकडे न पाहता पाठीमागे उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या दिशेने मान वळविली. डाव्या डोळ्याने तिला जवळजवळ काहीच दिसत नव्हते. आणि ही गोष्ट घरात, वर्गात, किंबहुना त्या मुलीसही, त्या घटकेपर्यंत ठाऊक नव्हती.

अशा डोळ्यास डॉक्टर ‘आळशी डोळा’ म्हणतात. चांगल्या डोळ्याने काम भागते म्हणून मेंदू दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. लहान वयात चष्मा देऊन आणि चांगला डोळा काही काळ झाकून ठेवून त्या आळशी डोळ्यास पुन्हा कामास लावता येते, पण वय वाढत गेले म्हणजे हा उपाय लागू पडण्याची आशा उत्तरोत्तर क्षीण होत जाते. म्हणजे या मुलीच्या बाबतीत सहा महिन्यांचा विलंबही क्षुल्लक नव्हता. डॉक्टरीणबाईंनी छापील नमुन्यावर चार ओळी लिहून तो कागद तिच्या हाती दिला. तिने त्याची चौघडी केली, दप्तरातील पुस्तकात ठेवली, आणि ती खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सरकारी भाषेत त्या कागदास संदर्भचिठ्ठी म्हणतात. तपासणीचे आकडे पुष्कळ छापले जातात. मला मात्र त्या चौघडी केलेल्या कागदाविषयी लिहावयाचे आहे, कारण असला एक कागद आमच्याही घरात यावयाचा होता आणि तो आला नाही.

माझ्या धाकट्या भावाचा उजवा कान लहानपणापासून वाहत असे. आई लसूण घालून तेल कढवी आणि त्याचे कोमट थेंब कानात सोडी. तेवढ्यापुरते बरे वाटे आणि पावसाळा आला की कान पुन्हा फुटे. तो तिसरीत असताना शाळेत डॉक्टर येऊन गेल्याचे मला आठवते, कारण त्या दिवशी दुपारून आम्हांस सुटी मिळाली होती. पुढे मॅट्रिकपर्यंत त्याचा तो कान पुरता गेला, दुसराही मंदावला, आणि हाताशी आलेली एक सरकारी नोकरी वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यामुळे हुकली. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्या शाळेची जुनी इमारत पाडावयाची ठरली, तेव्हा कपाटांतील दप्तर बाहेर काढून आवारात रचले होते. मी सहज चाळू लागलो, तो त्यात बालवयातील आमच्या नावांची तपासणीपत्रके निघाली. भावाच्या पत्रकावर उंची होती, वजन होते, दातांपुढे ‘किडलेले’ असा शेरा होता, आणि कानापुढे निळ्या शाईने स्पष्ट लिहिले होते की उजवा कान वाहतो, तज्ज्ञास दाखवावे. डॉक्टराने आपले काम केले होते. कागद मात्र कपाटात गेला, आणि कपाटाचे कुलूप आमच्या घराच्या दिशेने कधी उघडले नाही. त्या पत्रकावर कोणाचा राग काढावा हे मला आजही सुचत नाही. पण तेव्हापासून शाळेत डॉक्टर आले हे ऐकून माझे समाधान होईनासे झाले आहे.

राज्याने प्रजेच्या मुलांचे शरीर तपासावे, ही कल्पना ज्या देशात कायद्याच्या रूपाने दृढ झाली त्या इंग्लंडचा इतिहास याच एका गोष्टीसाठी मुळातून पाहण्याजोगा आहे. माझ्या भावाचा कान जसा नोकरीच्या वेळी सरकारच्या नजरेस आला, तशीच तेथील गरिबांची शरीरे सरकारच्या नजरेस आली ती लष्करभरतीच्या वेळी. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धाच्या काळात मँचेस्टरसारख्या कारखानदारीच्या शहरांतून भरतीस आलेल्या तरुणांपैकी बहुसंख्य खुजे, छातीने अरुंद, दातांनी निकामी म्हणून परत पाठवावे लागले, तेव्हा राज्यकर्ते हादरले. शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीने १९०४ साली अहवाल दिला. १९०६ साली शाळेत भोजन देण्याची मुभा देणारा कायदा झाला. आणि १९०७ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी करणे हे स्थानिक शिक्षणमंडळांचे कर्तव्य ठरले. जॉर्ज न्यूमन हे तेथील शिक्षणखात्याचे पहिले मुख्य वैद्यकीय अधिकारी होते.

त्या कायद्याची वाक्यरचना बारकाईने पाहावी. तपासणी सक्तीची होती. उपचार मात्र मंडळाच्या मर्जीवर सोडलेला होता. म्हणजे किडलेल्या दातांच्या, वाहणाऱ्या कानांच्या, सुजलेल्या गलग्रंथींच्या याद्यांवर याद्या तयार होत, आणि पुढचा मार्ग बापाच्या खिशातून जात असे. मार्गारेट मॅकमिलन या तळमळीच्या कार्यकर्तीस हे सहन झाले नाही. तिने १९०८ साली लंडनमधील बो येथे आणि १९१० साली डेप्टफर्ड येथे शाळकरी मुलांसाठी दवाखाने उघडून तपासणीस उपचाराची जोड दिली. १९१८ च्या कायद्याने प्राथमिक शाळांपुरती उपचाराची जबाबदारी मंडळांवर आली, दुसरे महायुद्ध चालू असतानाच १९४४ चा शिक्षणविषयक कायदा झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कोठे चिठ्ठी आणि उपचार यांच्यामधील पैशाची भिंत पडली. कायद्याने तपासणी येण्यापासून विनामूल्य उपचार येण्यापर्यंत ४१ वर्षे गेली! इंग्लंडसारख्या धनाढ्य देशास एवढा अवकाश लागला, याचा मी आपल्या आळसास आधार म्हणून उपयोग करीत नाही. तपासणी आणि उपचार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि पहिली केल्याने दुसरी आपोआप होत नाही, एवढाच धडा त्यातून घेतो.

युद्धोत्तर इंग्लंडमधील मुलांच्या पिढीस या सेवेच्या खुणा जन्मभर आठवतात. डोक्यातील उवा पाहण्यासाठी बारीक फणी घेऊन येणारी परिचारिका, १९४६ पासून प्रत्येक शाळकरी मुलास विनामूल्य मिळणारी तिसरा हिस्सा पाइंट, म्हणजे आपल्या मापाने १९० मिलिलिटर दुधाची बाटली, १९५३ पासून साधारण तेराव्या वर्षी टोचली जाणारी क्षयरोगाची लस, आणि शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात कॉडमाशाच्या तेलाबरोबर मिळणारा संत्र्याचा घट्ट रस. हा रस युद्धकाळात अमेरिकेहून समुद्रमार्गे येई, आणि आया तो पाण्यात कालवून पाच वर्षांखालील मुलांना पाजीत.

हा तपशील वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. आमच्या अचलपूर तालुक्यात, शेजारच्या चांदूर बाजारात आणि पुढे मोर्शी-वरुडपर्यंत संत्र्याच्या बागांमागून बागा पसरल्या आहेत. बहर उतरला म्हणजे ट्रक भरभरून फळ परगावी जाते. शत्रूच्या पाणबुड्या चुकवीत ज्या सरकारने संत्र्याचा रस आपल्या बाळांच्या ओठांपर्यंत नेला, त्याचा वसाहतींतील इतिहास कसाही असो, त्या एका गोष्टीसाठी मी त्यास मान देतो. आणि बागेत फळे तोडणाऱ्या बाईच्या मुलाच्या हिरड्यांतून रक्त येते असे ज्या दिवशी तपासणीच्या पत्रकावर लिहिले जाते, त्या दिवशी मला आमच्या बागांकडे मान वर करून पाहवत नाही.

हिंदुस्थानात या विचाराचा प्रवेश झाला त्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेले आणि दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०९ साली, इंग्लंडच्या कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. आपल्या देशातील शालेय आरोग्याचा आरंभ तेथून मोजतात. या दोन सालांची सांगड मला फार अर्थपूर्ण वाटते. जे राज्य हुकूम काढून मूल घरातून उचलते आणि दिवसाचे पाच-सहा तास आपल्या छपराखाली बसविते, त्या राज्याकडे त्या मुलाच्या शरीराची अमानत येते. ज्यास फळा दिसत नाही त्यास फळ्यासमोर सक्तीने बसविण्याचा अधिकार कोणासही नाही.

आणि योगायोग असा की, स्वातंत्र्यापूर्वी सबंध देशाच्या आरोग्याचा आराखडा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला ते सर जोसेफ भोर हेही नाशिकचेच. १८७८ चा त्यांचा जन्म, आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. त्यांची समिती १९४३ साली नेमली गेली आणि १९४६ साली तिने अहवाल सादर केला. शाळकरी मुलांसाठी आरोग्यसेवा या देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही, आणि जेथे आहे तेथे ती अविकसित अवस्थेत आहे, असा त्या अहवालाचा निर्वाळा होता. पुढे १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली, तिचा अहवाल दुसऱ्याच वर्षी आला. समित्यांच्या या कालखंडातच माझा भाऊ तिसरीत होता.

आमच्या मुलखात वैद्यक आले तेही फौजेच्या पाठोपाठ. परतवाड्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. शिपायाचे शरीर सांभाळणे ही तेथील निकड होती, रयतेच्या मुलाचे नव्हे. वऱ्हाडात शरीराचा अभिमान नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने परदेशीयांसमोर मल्लखांबादी देशी व्यायाम करून दाखविले. त्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. पण तालीम जो सशक्त आहे त्यास पुढे आणते. शाळेतील तपासणीस रांगेतला मागे सरकणारा मुलगा शोधावयाचा असतो, आणि मागे सरकणारे मूल शोधण्यास निराळी नजर लागते.

तसेच निराळे मार्दवही लागते. आमच्या लहानपणी कुष्ठरोगाच्या पाहणीसाठी शाळांतून मुलांच्या पाठी पाहत. सदरे वर करून मुले रांगेत उभी राहत, आणि एखाद्याच्या पाठीवर फिकट, बधिर चट्टा सापडला की साऱ्या वर्गास ते एकाच वेळी कळे. जवळच कोठाऱ्याचे कुष्ठरुग्णालय, अमरावतीस १९४६ साली शिवाजीराव पटवर्धनांनी उभारलेले तपोवन. उपचाराची सोय होती, आणि आज तर औषधांनी हा रोग पुरता बरा होतो. परंतु त्या रांगेतून घरी गेलेले मूल पुष्कळदा पुन्हा शाळेत येत नसे. रोग शोधण्याच्या रीतीनेच मूल आपल्या हातून निसटत होते. परवाच्या तपासणीत मुलींसाठी वर्गाच्या कोपऱ्यात जुनी चादर बांधून आडोसा केला होता आणि आत एका वेळी एकीसच घेत होते, हे पाहून माझ्या मनावरचे एक जुने ओझे थोडे हलके झाले.

सध्या जी योजना चालू आहे तिचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तिचा आरंभ महाराष्ट्रातच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत जन्मजात व्यंगे, पोषणातील न्यूनता, बालवयातील रोग आणि वाढीतील विलंब अशा चार वर्गांतील ३० विकार शोधावयाचे; अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावयाचे; आणि जे सापडेल त्यावर शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार विनामूल्य करावयाचा, अशी तिची रचना आहे. १९०७ च्या इंग्रजी कायद्यात जी उणीव होती ती या योजनेच्या कागदावर नाही, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. हृदयास छिद्र असलेली, ओठ दुभंगलेली, पाऊल वाकडे असलेली मुले या मार्गाने नागपूर-मुंबईपर्यंत जाऊन बरी होऊन आली आहेत. पथकातील माणसे बहुतांशी कंत्राटी नेमणुकीवर आहेत, आणि स्वतःच्या पुढील वर्षाची निश्चिती नसताना ती परक्याच्या मुलाच्या पुढील वर्षाची चिंता वाहतात.

जेथे कागदाची वाट नीट लागते तेथे काय घडते, याचे उदाहरण म्हणून सिकलसेलचा विचार करावा. सिकल म्हणजे विळा. या आनुवंशिक रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पोटात असह्य कळा उठतात. थंडी, अतिश्रम आणि अंगातील पाणी कमी होणे ही त्यास निमित्ते होतात. निलगिरीतील आदिवासींत हा दोष असल्याचे १९५२ साली लेहमान व कटबुश यांनी प्रथम दाखविले, आणि आज विदर्भातील आदिवासी व दलित समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो हे सर्वश्रुत आहे. सकाळच्या कवायतीत पाय ओढीत चालणारा, थंडीत वारंवार गैरहजर राहणारा मुलगा आमच्या काळी आळशी ठरे आणि छड्या खाई. आता बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन प्राथमिक परीक्षा शाळेतच होऊ शकते. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचा आणि २०४७ पर्यंत रोग हटविण्याचा संकल्प आहे. पण रोगाचे नाव कळल्यावर त्या मुलाच्या गुरुजींना कोणी चार शब्द सांगितले, की यास भरपूर पाणी पिऊ द्या, उन्हात धावावयास लावू नका, गोळ्या चुकू देऊ नका, तरच त्या नावाचा उपयोग. एरवी तेही एक कपाटातले पत्रक.

मेळघाटात ही वाट आणखी बिकट होते. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात आणि होळीस परततात, तेव्हा पथक ज्या दिवशी आश्रमशाळेत वा पाड्यावर पोचते त्या दिवशी मूल वीटभट्टीवर असते. पोट फुगलेल्या तान्ह्यास तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची, डंबा देण्याची, रीत तेथे अजून समूळ गेलेली नाही. भूमका या पारंपरिक वैदूकडे जाणारी पायवाट दवाखान्याच्या रस्त्याहून जवळची आहे, हे त्याचे एक कारण. बैरागडला वर्षानुवर्षे राहून काम करणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, ती मुख्यतः त्या रस्त्याचे अंतर आपल्या वास्तव्याने कमी केल्याबद्दल, असे मी समजतो.

अचलपूरहून अमरावती सुमारे ५० किलोमीटर. नकाशावर हे अंतर काहीच नाही. मजुरी करणाऱ्या बाईच्या हिशेबात मात्र त्यात एका दिवसाची बुडालेली रोजी, दोघींचे गाडीभाडे, धाकट्या मुलास सांभाळणाऱ्या शेजारणीची मिनतवारी, आणि ‘आज साहेब नाहीत, सोमवारी या’ हे ऐकावे लागले तर या सर्वांची पुनरावृत्ती, एवढे सारे भरलेले असते. उपचार विनामूल्य आहे. तेथवर पोचणे विनामूल्य नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे या योजनेत एका तरतुदीची भर पडावी: चिठ्ठीबरोबर आईच्या त्या दिवसाची रोजी आणि गाडीभाडे देण्याची, आणि कोणत्या वारी कोणत्या खोलीत कोण भेटेल हे त्याच कागदावर लिहून देण्याची.

त्या दिवशी दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी त्या तिसरीतील मुलीच्या आईस बोलावणे पाठविले. ती शेतातून तशीच आली होती. डोक्याचा फडका सोडून तिने तोंड पुसले आणि ओसरीच्या कडेस टेकली. बाईंनी चिठ्ठी वाचून दाखविली.

“चष्मा लागन काय तिले?” तिने विचारले. “मंग पुढं पोरीचं कसं होईन, बाई?”

“आता नेलं तर डोळा सुधरेल,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षांनी नेलं तर चष्म्यानंही भागणार नाही, माय.”

ती काही वेळ बोलली नाही. बाईंनी टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली. तीत त्यांनी स्वतः रेघा ओढून रकाने केले होते: मुलाचे नाव, काय निघाले, कोठे पाठविले, कधी गेले, काय झाले. गेल्या वर्षीच्या पानावरील शेवटचा रकाना तांबड्या शाईने बराचसा भरलेला होता, काही घरे कोरी होती. आणि ज्या घरांपुढे ‘सोबत गेले’ अशी बारीक अक्षरे होती, ती त्यांच्या स्वतःच्या रजेचे दिवस होते, असे मला नंतर शिपायाकडून कळले. ही वही ठेवण्याचा त्यांना कोणाचा हुकूम नव्हता. त्यांनी मुलीचे नाव लिहिले आणि चिठ्ठीच्या पाठीवर आपला मोबाइल नंबर घातला.

“बुधवारी सोंगणी हाये,” आई म्हणाली. “शुक्रवारी जमन.”

“शुक्रवारी चालेल. डोळ्यांचे डॉक्टर असतात, मी विचारून ठेवलंय.”

“इर्विनलेच ना?” तिने विचारले. जिल्हा रुग्णालयास इकडची माणसे आजही त्याच नावाने ओळखतात. मग तिने चिठ्ठी घेतली, लुगड्याच्या पदरास गाठ मारून तीत ती नीट बांधली, आणि उठता उठता पुन्हा वळून म्हणाली, “परतवाड्याहून पहिली गाडी किती वाजता सुटते, बाई?”